वळणाऱ्या जिभेचा नियम

राजाजीनगरात थंडी अंगाला कळायच्या आधी नाकाला कळते. स्वेटर अजून कपाटात असतात, पंखा दोनवर चालू असतो, आणि एका सकाळी कोपऱ्यावरच्या हातगाडीवरून तो हिरवा, तेलकट, जरासा उग्र वास येतो. अवरेकाई, म्हणजे पावट्याच्या शेंगा, आल्या. मग संक्रांत होऊन जाईपर्यंत या शहराला दुसरं काही सुचत नाही. उपम्यात अवरे, भातात अवरे, तांदळाच्या अक्की रोटीत अवरे, आणि घराघराच्या पायरीवर सालांचे ढीग. शेंगा सोलल्या की बोटांना जो वास चिकटतो तो साबणानं जात नाही. कानडीत त्याला 'सोगडु' म्हणतात. आमच्या निपाणीकडे पावटा भरपूर पिकायचा, पण या वासासाठी मराठीत शब्द मी कधी ऐकला नाही. दव जितकं जास्त पडेल तितका सोगडु वाढतो, असं गाडीवाली सांगते. दव पडलं नसलं तरी सांगते.

माझी पत्नी नलिनी हे दाणे रात्री पाण्यात घालते. सकाळी ते टम्म फुगलेले असतात. एकेक दाणा चिमटीत धरून दाबायचा, की सालातून तो सुळकन निसटून पातेल्यात पडतो. तिच्या आईच्या घरी याला डाळिंब्या म्हणायचे, इथे हितकिदबेळे म्हणतात; बोटांना काम तेच. हे एकटीदुकटीचं काम नव्हे. पूर्वी गल्लीतल्या बायका एका ओट्यावर जमायच्या, मधे परात ठेवायच्या, आणि दाण्यांबरोबर गल्लीतली हरेक बातमीही साल काढून त्या परातीत पडायची.

मी आठवीला विज्ञान शिकवायचो. वेळापत्रकाचा काय योग होता कोण जाणे, आनुवंशिकतेचा धडा दरवर्षी नेमका अवरेच्या दिवसांत यायचा. त्यामुळे या दोन गोष्टी माझ्या मनात एकमेकींत मुरून गेल्या आहेत. शेंगेचा वास आला की मला फळ्यावर काढलेला वंशवृक्ष दिसतो, आणि कुणी 'आनुवंशिकता' म्हणालं की बोटं हुंगून बघावीशी वाटतात. पुष्कळ वर्षं मी नलिनीनं सांगितल्या तेवढ्याच शेंगा आणून तिच्या हाती द्यायचो. यंदा अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मी पहिल्यांदा पिशवी भरून शेंगा आणल्या, स्वतः सोलल्या, आणि सोलताना चक्क शीळ घालत होतो. नलिनी म्हणाली, "सुरात तरी घाला." असं का झालं, ते मला लिहून ठेवायचं आहे.

तो धडा म्हणजे माझा हुकमाचा एक्का होता. शाळा कानडी माध्यमाची. वर्गात बरीच मुलं कानडी घरांतली, काही तमिळ, तेलुगू, आणि काही आमच्यासारखी, सीमेकडून पोटासाठी बंगळुरात आलेल्या मराठी घरांतली. मठाच्या बागेत वाटाणे पेरून त्यांच्या पिढ्यांचा माग काढणाऱ्या साधूची गोष्ट मी फार रंगवून सांगायचो. वाटाण्यांऐवजी खिशातून अवरेची शेंग काढायचो. उघडून मुलांपुढे धरायचो. "ही सगळी भावंडं. एका आईची, एका घरात वाढलेली. नीट बघा, दोन तरी हुबेहूब आहेत का?" डोक्याला डोकं लावून मुलं शेंगेवर वाकायची. मग मी सांगायचो, की आई अर्धं देते, बाप अर्धं देतो, आणि कुठल्या अर्ध्यात काय येणार हे देणाऱ्यालाही ठाऊक नसतं. हे ऐकताना मुलांचे चेहरे बघण्यासारखे होत. तेराव्या वर्षी माणूस आरशापुढे जास्त वेळ थांबू लागतो. हे नाक कुणाचं, ही हनुवटी कुणाची, केस असे कुठून आले, हे प्रश्न त्याला कुणी न विचारताच पडलेले असतात. पुस्तकातले दुसरे धडे मुलांच्या मागे लागून शिकवावे लागत. या धड्याला मुलंच येऊन भिडत.

आणि सगळ्यात शेवटी जीभ. "जीभ बाहेर काढा. दोन्ही कडा वर वळवून तिची नळी करा." क्षणात वर्गभर जिभा. कुणाची पन्हळीसारखी सुरेख वळे, कुणाची फळीसारखी सपाट राही, कुणी बोटांनी मुरडायला जाई. एकदा नेमके त्याच क्षणी हेडमास्तर दारात आले. सगळा वर्ग त्यांना जीभ दाखवतोय, आणि फळ्यापाशी मीही. ते आल्या पावली परतले. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये माझ्या खुर्चीशी वाकून हळूच म्हणाले, "माझी वळते हो."

मग मी नियम लिहायचो. जीभ वळणं हा प्रभावी गुण, न वळणं अप्रभावी. म्हणून ज्या आईबापांपैकी कुणाचीच जीभ वळत नाही, त्यांच्या मुलाची जीभ वळणं शक्य नाही. 'शक्य नाही'खाली दोन रेघा ओढायचो. घरी जाऊन सगळ्यांच्या जिभा तपासून या, हा गृहपाठ. मुलं तो नाचत करत. किती सोपा, किती चोख नियम! परीक्षेत त्यावर हमखास प्रश्न यायचा आणि माझ्या वर्गाचा तो कधी चुकत नसे.

तिसऱ्या गल्लीत शांताक्का राहायच्या, अजूनही राहतात. आमच्या मराठी मंडळातल्याच. त्यांचे यजमान रामभाऊ एका सरकारी कारखान्यात होते. सकाळी कारखान्याच्या बसनं जायचे, संध्याकाळी यायचे, मधे जेवढं लागेल तेवढंच बोलायचे. घरात रामभाऊंची आई, खानापूरकडची, जिच्या तोंडाला मंडळातल्या सगळ्या सुना वचकून असत. आणि उज्ज्वला, त्यांची एकुलती एक मुलगी, माझ्या वर्गात. प्रश्न पुरा व्हायच्या आधी हात वर करणारी.

गृहपाठाच्या दुसऱ्या दिवशी तिनं असाच हात वर केला. "सर, अप्पांची जीभ वळत नाही, आईचीही वळत नाही. माझी वळते." आणि तिनं जीभ काढून दाखवली. छान वळत होती.

तेव्हा मी काय म्हणायला हवं होतं ते मला आज नीट ठाऊक आहे. नियम आणि जीभ यांचं पटत नसेल तर नियम तपासायचा, जीभ नव्हे. विज्ञानाच्या मास्तरला एवढं कळायला हवं. पण वर्ग रंगात आला होता, मीही आलो होतो. मी हसत हसत कानडीत म्हणालो, "मग घरी विचार, तुला कुठून आणलंय!" वर्ग खो-खो हसला. तीही हसली, जरा उशिरा. मूल शाळेतला विनोद घरी नेतं तेव्हा त्यातलं हसू वाटेत सांडतं. घरी नुसतं वाक्य पोचतं.

तिनं घरी विचारलं. आजींनी सगळ्यांना ओळीनं बसवून जिभा काढायला लावल्या. आणि संक्रांतीच्या दिवसांत, आमच्याच घरच्या हळदीकुंकवाला, मंडळातल्या आणि शेजारपाजारच्या बायका जमलेल्या असताना त्या मोठ्यानं म्हणाल्या, "आमच्याकडे कुणाची वळत नाही. हिच्या पोरीची वळते. मास्तरांनी शाळेत शिकवलंय, असं होणं शक्य नाही म्हणून. शास्त्र आहे ते. आता बोला!" बोलणार कोण? शांताक्का तिळगुळाशेजारी कानडी शेजारणींसाठी एळ्ळु-बेल्लाच्या, म्हणजे तीळ, खोबरं, गुळाच्या मिश्रणाच्या, पुड्या बांधत होत्या. हातातली पुडी पुरी बांधून त्यांनी ताटात ठेवली आणि उठल्या. त्यानंतर त्या कुणाच्याही हळदीकुंकवाला गेल्या नाहीत.

बायका गेल्यावर नलिनी मला म्हणाली, "अहो, आत्ताच्या आत्ता जा आणि त्या म्हातारीला सांगा, चेष्टा केली होती म्हणून."

"चेष्टा केलीच होती," मी म्हणालो. "पण नियम खरा आहे. शास्त्र मी कसं बदलणार?"

मान ताठ करून म्हणालो होतो. लिहिताना आज तीच मान खाली जाते.

यातली गंमत अशी, म्हणजे गंमत कसली, की उज्ज्वला थेट रामभाऊंसारखी चालायची. डावा खांदा किंचित पुढे, टाच घासत. शाळेचा निळा स्कर्ट घालून रामभाऊच निघालेत असं मागून वाटावं. चाल रक्तातून येते की बघून बघून, हे मला आजही छातीठोकपणे सांगता यायचं नाही. पण सगळी गल्ली ही चाल रोज बघत होती, आणि तरी कुजबुजत होती. मास्तरनं फळ्यावर लिहिलेल्यापुढे डोळ्यांना दिसणाऱ्याची किंमत उरली नव्हती. रामभाऊ आईला काही बोलले नाहीत, बायकोलाही नाहीत. बसनं जात राहिले, बसनं येत राहिले. उज्ज्वलानं त्या वर्षी वर्गात हात वर करणं सोडलं. मार्क चांगले पडायचे. हात वर यायचा नाही.

ती कॉलेजात गेली असेल तेव्हाची गोष्ट. एका वाचनालयात मी एक संदर्भग्रंथ चाळत होतो. त्यात जिभेचा तो नियम होता, आणि खाली लिहिलं होतं की तो टिकलेला नाही. एकाच बीजापासून झालेल्या जुळ्यांच्या जिभा कुणीतरी तपासल्या होत्या. काही जोड्यांत एकाची वळत होती आणि दुसऱ्याची नाही. म्हणजे नुसत्या वारशानं हे ठरत नाही. आणि हे मी नोकरीला लागायच्याही आधीच कळलेलं होतं. जे कधीच मोडीत निघालं होतं ते मी रेघा ओढून शिकवत होतो. मी उठलो, वाचनालयाच्या माठातलं पाणी प्यालो, परत येऊन तेच वाक्य वाचलं. ते तसंच होतं.

पुढच्या वर्षीपासून मी जीभ धड्यातून काढून टाकली. गुपचूप. मुलांना वाटलं, सर विसरले. मी धडा दुरुस्त केला आणि माणसं तशीच सोडली. चूक माहीत नसताना केलेल्या विनोदाबद्दल मला कुणी माफ केलंही असतं. चूक कळल्यावर मी जे गप्प बसलो, त्याची टोचणी वेगळी. आता कशाला उकरायचं, म्हातारी गेल्यावर बघू, असं मी स्वतःला समजावायचो. म्हातारी गेली. मग म्हणायला लागलो, गेलेल्या माणसाच्या माघारी कशाला. उज्ज्वला शिकली, नोकरीला लागली, लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला गेली. शांताक्का अवरेच्या गाडीवर भेटायच्या. "काय मास्तर, बरं आहे ना?" "बरं आहे." एवढंच. शेंगा निवडताना त्या प्रत्येक शेंग दाबून बघत आणि मी त्यांच्या बोटांकडे बघत राही.  घरी आल्यावर नलिनी नुसती पिशवी माझ्या हातातून काढून घ्यायची.

यंदाच्या नाताळच्या सुटीत माझ्या नाती आल्या. मुलगा सर्जापूर रोडला एका उंच इमारतीत राहतो. त्याच्या ईरा आणि मीरा जुळ्या, सातवीत. इतक्या सारख्या की नलिनी अजून एकीला खाऊ दोनदा देते आणि दुसरी उपाशी राहते. जन्मतःच डॉक्टरांनी सांगितलं होतं, या एकाच बीजाच्या.

"आजोबा, जीभ काढा," ईरा म्हणाली.

"का गं?"

"होमवर्क. फॅमिली ट्रेट्स. तुमची, आजीची, बाबाची, सगळ्यांची रोल होते का ते लिहायचंय."

तिनं कागद पुढे केला. रंगीत छपाई, हसरी चित्रं, आणि चित्राखाली तोच नियम. अक्षरसुद्धा बदललं नव्हतं म्हणा ना. मी जो पुरला असं समजत होतो, तो शहराच्या दुसऱ्या टोकाला खुशाल शाळेत जात होता.

ईराची जीभ वळली. मीराची सपाट.

"ही चीटिंग करतेय," ईरा ओरडली. "मुद्दाम सपाट ठेवतेय."

"मी ट्राय करतेय ना! नाही होत."

"आपण आयडेंटिकल आहोत. तुला यायलाच पाहिजे."

"मग तू बंद कर ना तुझी!"

दाण्यांचं पातेलं घेऊन नलिनी दारात उभी होती. तिनं दोघींच्या जिभा बघितल्या, मग माझ्याकडे बघितलं. "अहो, देवानं पुरावा घरपोच पाठवलाय. तोही दोन प्रतींत. आता तरी उठाल का?"

मी उठलो. चपला घालून तसाच तिसऱ्या गल्लीत गेलो. रामभाऊ आरामखुर्चीत डोळे मिटून होते. शांताक्का ओट्यावर बसून भिजलेले दाणे दाबत होत्या. वाटेत जुळवलेलं भाषण मी अर्धंमुर्धं विसरलो, पण जे सांगायचं ते सगळं सांगितलं. नियम चुकीचा होता. मला नंतर कळलं होतं. कळूनही मी आलो नाही. त्यांची बोटं थांबली नाहीत. दाणे पडत राहिले.

"मास्तर," त्या शेवटी म्हणाल्या, "हे मला कशाला सांगता?"

"म्हणजे?"

"उज्ज्वला कुणाची, हे मला ठाऊक नव्हतं असं वाटलं का तुम्हाला?"

मी ओट्याच्या कडेवर टेकलो.

"मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांच्यापर्यंत तुमचं शास्त्र पोचलं. आता त्यांना सांगा."

"अक्का, त्यातल्या किती जणी आता..."

"आहेत. पुष्कळ आहेत. ज्या नाहीत त्यांच्या सुना आहेत, त्यांनाही सगळं पाठ आहे." त्यांनी सालं सुपात झटकली. "नलिनीचं हळदीकुंकू आहे ना संक्रांतीला? मी येते. पण तुम्ही बायकांत उभं राहून सांगायचं. दारातून नाही, मधे उभं राहून."

त्याआधी रंगीत तालीम झाली. ईरा-मीरांनी शाळेत जाऊन बाईंसमोर जिभा काढल्या होत्या. बाई तरुण, मनानं मोकळ्या. त्यांनी फोन करून विचारलं, "सर, तुम्हीच येऊन सांगाल का?" मी राजाजीनगरातून अवरेची पिशवी घेऊन निघालो. बसमधला माझा शेजारी वासानं ओळखून म्हणाला, "यंदा सोगडु चांगला आहे." सर्जापूर रोडची ती शाळा काचेची. वर्गात मराठी, हिंदी, कानडी, मल्याळम, आणि सगळ्यांवर इंग्रजी. मी सगळ्या भाषांतलं थोडं थोडं घेऊन बोललो. शेंगा वाटल्या. मुलांनी त्या सोलल्या, हुंगल्या, नाकं मुरडली, पुन्हा हुंगल्या. मग ईरा आणि मीरा पुढे आल्या. एक जीभ वळली, एक नाही. आणि बाईंनी स्वतः फळ्यावरचा नियम पुसून टाकला. त्या डस्टरचा आवाज मी डोळे मिटून ऐकला.

एका मुलीनं विचारलं, "मग जीभ रोल होणं आईबाबांकडून येतच नाही?"

"थोडं येत असेल. थोडा सराव असेल. काय काय मिळून होतं ते इतकं सोपं नाही, एवढं पक्कं."

"मग कान? उंची? रंग?"

"त्यांत पुष्कळ हात असतात. एकच हात धरून हा चोर म्हणता येत नाही. आणि एक लक्षात ठेवा, घरातल्या कुणाची जीभ, कान, अंगठा बघून नातं ठरवायचं नाही. वारसा ही शोधायची गोष्ट आहे, कुणाला कोर्टात उभं करायची नाही."

तास संपेपर्यंत मागच्या बाकावरची एक मुलगी प्रयत्न करत होती. घंटा झाली आणि तिची जीभ वळली. ती किंचाळली, वर्ग किंचाळला. पुष्कळ वर्षांनी मी वर्गातून बाहेर पडताना मागे वळून हात हलवला.

संक्रांत. पुढची खोली रेशमी साड्यांनी भरलेली. अत्तर, कापूर, तिळगूळ, एळ्ळु-बेल्ल, स्वयंपाकघरातून हितकिदबेळेच्या साराची फोडणी. पुरुषमंडळी बाहेर ओसरीवर, त्यांत रामभाऊही, आत येणाऱ्यांच्या चपलांची राखण केल्यासारखे. शांताक्का हिरव्या इरकलीत आल्या. बरोबर उज्ज्वला, केसांत पांढरं आलेलं, तीच टाच घासणारी चाल. त्या उंबऱ्यात आल्या आणि ज्यांना आठवत होतं त्या सगळ्या गप्प झाल्या. नलिनीनं पुढे होऊन त्यांना कुंकू लावलं. मग टाळी वाजवून म्हणाली, "बायांनो, आमचे हे जरा बोलणार आहेत. उखाणा घेणार नाहीत, घाबरू नका!"

मी मधे उभा राहिलो. पहिलं वाक्य दोनदा अडखळलं. पण एकदा सुरुवात केल्यावर मास्तर जागा झाला. त्या वर्गातला प्रसंग सांगितला, तो नियम सांगितला, तो कसा खोटा ते सांगितलं, आणि नातींना पुढे घेतलं. दोघींनी जिभा काढल्या. खोलीत एकदम खसखस पिकली, आणि बघता बघता सगळ्या बायकांनी आपापल्या जिभा काढल्या. नाकात नथी, कपाळावर ताजं कुंकू, आणि वळलेल्या, न वळलेल्या, अर्ध्या वळलेल्या जिभा. सासू-सुना एकमेकींच्या तपासत होत्या. "माझ्या दोन्ही पोरांची वळते, आमच्या कुणाचीच नाही," एक म्हातारी म्हणाली, "मी तेव्हा बोलले नाही, मेलं आपल्यावरच यायचं!"

एकटी उज्ज्वला हसत नव्हती. "सर, तुम्हाला कधी कळलं?"

बायकांच्या जिभा एकेक करून आत गेल्या.

"तू कॉलेजात होतीस तेव्हा."

"आणि आज सांगताय."

"हो."

"मी आरशासमोर बसून जीभ सपाट ठेवायचा सराव करायचे, सर. कुणी अचानक काढायला सांगितली तर वळू नये म्हणून."

हे मला ठाऊक नव्हतं. मी म्हणालो, "चूक माझी. नियम शिकवला ती एक, आणि गप्प बसलो ती दुसरी. दुसरी मोठी." याहून जास्त माझ्यापाशी काही नव्हतं.

 माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मी मागितलंही नाही. मग ती खोलीच्या मधोमध आली, माझ्या वर्गात उभी राहायची तशी ताठ उभी राहिली, आणि जीभ बाहेर काढली. सुरेख वळली. नातींनी शिट्टी मारली. टाळ्यांनी भिंतीवरची तसबीर हलली.

"मास्तर," शांताक्कांचा आवाज आला. त्या भिंतीशी उभ्या होत्या. "त्या दिवशी वर्गात तुम्ही कानडीत बोलला होतात. आज मराठीत सांगून अर्धंच पोचलं."

खरंच होतं. खोलीतल्या निम्म्या बायका कानडी. मी पहिल्यापासून सगळं पुन्हा कानडीत सांगितलं आणि शेवटी म्हणालो, "तप्पु नंदु." चूक माझी. समोरच्या घरच्या गिरिजम्मा कपाळावर हात मारून म्हणाल्या, "अय्यो, इष्टेना?" एवढंच होतं होय! आणि उठून त्यांनी शांताक्कांना मिठी मारली. पुन्हा टाळ्या.

ओसरीवरून रामभाऊंनी हाक दिली. त्यांना हल्ली ऐकू कमी येतं. "काय झालं गं? टाळ्या कसल्या?"

शांताक्का दाराशी गेल्या. "मास्तरांनी सांगितलं, उज्ज्वला तुमचीच आहे म्हणून."

"त्यात नवीन काय?" रामभाऊ म्हणाले. "मला माहीतच होतं."

"माहीत होतं ना? मग त्या वेळी का नाही बोललात?"

रामभाऊंनी काठी या हातातून त्या हातात घेतली. "आई होती ती."

"आता नाही ना. या आत."

ते उठले. बायकांनी पदर आवरून, पाय ओढून घेऊन त्यांना वाट करून दिली. मी उभा होतो तिथे ते येऊन उभे राहिले, काठी टेकून. आधी त्यांनी उज्ज्वलाकडे बघितलं. मग मान खाली घालून पुटपुटले, "माझी मुलगी आहे ही. माझी आई खोटं बोलली, आणि मी ऐकून घेतलं."

"जोरात," शांताक्का म्हणाल्या.

आणि रामभाऊंनी मान वर करून ते पुन्हा सांगितलं, रस्त्यावरनं जाणारा ऑटोवाला थांबून आत डोकावला इतक्या जोरात.